चांगुणा : लेकीचं नाव ठेवावं का? (‘चांगू-मांगू’ सोडून बोला)

नौपाड्याची घणसोलीत (रात्री ३.१०)

नमस्कार मंडळी. एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातावर सव्वीस दिवसांची बाई झोपली आहे. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं ते राहिलं, कारण बाईंना कावीळ झाली आणि त्या चार दिवस निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून पडून होत्या. आता येत्या रविवारी नक्की. पत्रिकेत रेवती नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर ‘चा’. (दे, दो, चा, ची. झोपेत विचारलंत तरी सांगेन.) ‘चा’ निघाल्यापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार्वी, चारुता, चाहत अशी रांग लागली आहे. आमच्या मजल्यावरच दोन चार्वी आहेत, एक सहावीत आणि एक पाळण्यात.

मला चांगुणा ठेवायचंय.

माझं माहेर ठाण्याचं, नौपाड्यातलं. सासर घणसोली गावातलं, आगरी. घरात माझ्या आजेसासूबाई आहेत, वय ८५ च्या पुढे, पुढे म्हणजे किती ते त्यांनाही ठाऊक नाही. सगळी आळी त्यांना मोठी आय म्हणते. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. कधी विचारावंसंच वाटलं नाही, हे लिहिताना आता लाज वाटतेय. आजेसासरे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात होते, त्यांच्या मागे आयला थोडी पेन्शन येते. त्यासाठी हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना एकदा बँकेत घेऊन गेले. काउंटरवरचा मुलगा ओरडला, “चंगुना बाई!” कुणी उठेना. तिसऱ्या हाकेला आयने माझ्या कोपराला चिमटा काढला आणि म्हणाल्या, “मना बोलवतंय वाटतं.”

म्हणजे त्यांनाही स्वतःचं नाव ओळखू यायला तीन हाका लागल्या. नवरा नाव घेत नव्हता, सुना घेणार नाहीत, मुलांना ती आय, नातवंडांना मोठी आय. ते नाव फक्त पासबुकात आणि सातबाऱ्यावर राहत होतं. रिक्षात बसल्यावर मी दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. आवडलं. आता ‘चा’ निघाला तर पहिलं तेच आठवलं.

विरोधी पक्ष असा. सासूबाई : गावठी आहे, आणि जिवंत माणसाचं नाव ठेवू नये. नणंदबाई : शाळेत चांगू-मांगू करतील. (कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे नकाराधिकार तिच्या हातात.) नवरा : “मी दोघींच्या मधे पडत नाही.” तिघी आहोत आम्ही, पण असो. मला धक्का बसला तो माझ्या आईचा. नौपाड्यातून फोनवर म्हणाली, “अगं, ती चिलयाची आई. पोटचं पोर उखळात कांडलं तिने. असलं नाव ठेवतात होय?”

तर सांगा. नावाचा नक्की अर्थ काय? ‘चांगले गुण’ एवढाच असेल तर तो फार गुळगुळीत वाटतो. पन्नाशीच्या आतली एखादी चांगुणा कुणाला माहीत आहे का? आणि आई म्हणते ते मनावर घ्यावं का?

---

उपवनचा वारा (सकाळी ७.४२)

चांगू-मांगू सोडून बोला म्हणालात, आता बोलायला उरलं काय? :) चाहत ठेवा. सोपं, गोड.

नौपाड्याची घणसोलीत (सकाळी ७.५८)

चाहत माझ्या मामेभावाच्या कुत्रीचं नाव आहे. गोड आहे, हे मान्य.

---

फेरफार (सकाळी ९.१५)

ताई, मी तलाठी होतो. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण लोक अजून तलाठीच म्हणतात आणि मलाही तेच आवडतं.) नोकरीची बरीच वर्षं उरण आणि पनवेल तालुक्यांत गेली. तुमचा प्रश्न वाचून जुनी दप्तरं डोळ्यांसमोर आली.

चांगुणा हे नाव आमच्या पट्ट्यात दुर्मीळ नव्हतंच. सिडकोसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यानंतर मोबदला, मग साडेबारा टक्क्यांचे भूखंड, आणि त्या प्रत्येकासाठी वारस नोंदी. एकेका खातेदाराला तीस-चाळीस वारस. त्यांत म्हाताऱ्या बायकांची नावं वाचत जा : जानकी, बारकी, गोमी, पोशी, सोनी, चांगुणा. चांगुणा हमखास यायची. तिच्या मुलींच्या पिढीत सुनंदा, रंजना, बेबी आणि नातींच्या पिढीत प्राजक्ता, पूनम. म्हणजे एका फेरफारात तीन पिढ्यांची फॅशन दिसायची. १९९४ ला महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क दिला, २००५ ला केंद्राने दिला, तेव्हापासून बायकांची नावं लावून घेण्यावरून आणि हक्कसोडीवरून जी भांडणं बघितली त्यावर वेगळा धागा होईल. इथे नको.

पुरुषांतही ‘चांगू’ होतं. नवीन पनवेलचं सीकेटी कॉलेज सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातला सी कशाचा हे तिथे शिकणाऱ्या पोरांनाही विचारून बघा. चांगू काना ठाकूर. त्या नावाच्या कॉलेजातून हजारो मुलं पदव्या घेऊन बाहेर पडली, त्यांना कुणी मांगू विचारत नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी.

एक, अक्षर. आगरी-कोळी बोलीत ण चा न होतो आणि ळ चा ल. त्यामुळे बाई तोंडाने ‘चांगुना’ सांगणार, एक लिहिणारा ‘चांगुणा’ लिहिणार, दुसरा ‘चांगुना’, तिसऱ्याला घाई असली तर ‘चांगूबाई’. एकाच बाईची तीन रूपं तीन कागदांवर बघितली आहेत, आणि मग प्रतिज्ञापत्रं करा. आणखी एक, जुन्या नोंदींत बायकांच्या नावापुढे ‘उर्फ’ फार असायचं. माहेरचं एक, सासरचं एक. तुमच्या आयचा जुना उतारा मिळाला तर ‘उर्फ’च्या पुढे काय आहे ते जरूर बघा. मी गंमत म्हणून नाही सांगत.

दोन, घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, ती तुमची झालीच असेल. पण नाव त्याच वेळी द्यावं लागतं असं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नाव मागाहून भरता येतं : बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मात्र भराल ते विचार करून भरा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यावर एकदा ‘चंगुना’ छापून आलं की ते निस्तरता निस्तरता पोर दहावीला जाईल.

आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लागतं. तेव्हा चांगुणेच्या शेजारी तुम्हीच बसणार आहात. दोन्ही नावं एका दमात म्हणून बघा.

---

कोपरीची आत्या (दुपारी १२.३०)

मुली, तुझ्या आईचं चूक नाही, आणि माझं वय तुझ्या आईपेक्षा जास्त असेल म्हणून सांगते.

दर श्रावणात मी शिवलीलामृताचं पारायण करते, महाशिवरात्रीला कौपिनेश्वराला जाते. (आता रांग मासुंदा तलावाच्या कडेने कुठवर जाते विचारू नकोस, पूर्वी असं नव्हतं.) अकरावा अध्याय रोज वाचणारे घरोघरी असतात, माझ्या सुनेलासुद्धा निम्मा पाठ आहे. पण चौदावा वाचायला बसताना मी हातात पदर धरूनच बसते. त्यात श्रियाळ आणि चांगुणा. शंकर रोगी अतिथी होऊन दारात येतो आणि म्हणतो, मला तुमच्या मुलाचं मांस वाढा. ती वाढते. आठवण म्हणून पोराचं शिर तेवढं बाजूला ठेवते, तर हा म्हणतो, तेही आण, माझ्यासमोर उखळात घाल आणि कांड. डोळ्यांत पाणी दिसता कामा नये आणि तोंडाने गाणं म्हणायचं. ती गाणं म्हणत कांडते. मग ताटावर बसल्यावर अतिथी विचारतो, तुम्ही निपुत्रिक, तुमच्याकडचं अन्न मी कसं घेऊ? हाक मार मुलाला. कुठून मारणार हाक? तरी मारते, आणि चिलया धावत येतो.

माझी आई जात्यावर चिलयाच्या ओव्या म्हणायची. चिलया धावत येतो ती ओवी यायच्या आधी तिचा आवाज दर खेपेला बसायचा. शेवट माहीत असून बसायचा. तिचे दोन मुलगे लहानपणी गेलेले, ते काही हाकेला आले नाहीत. म्हणून मी तरी माझ्या मुलीचं नाव चांगुणा ठेवलं नसतं. देवाने परीक्षा बघावी असं नाव कशाला ओढवून घ्यायचं?

पण खरं सांगायचं तर आमच्या साताऱ्याकडच्या गावात तीन चांगुणा होत्या आणि तिघींची पोरं धडधाकट होती. एकीला तर सात.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण शुद्ध षष्ठीला, आम्ही मातीचा श्रियाळशेट करायचो. त्याची गोष्ट निराळी. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्याने आपली कोठारं उघडली म्हणून बादशहाने त्याला साडेतीन घटका राज्य दिलं म्हणे. औट घटकेचा राजा म्हणतात तो हाच. औट म्हणजे साडेतीन, माझ्या नातवाने हिशेब केला, ८४ मिनिटं. संध्याकाळी वाजतगाजत त्याला विहिरीत सोडायचं. त्याच्या बायकोचं नाव मात्र त्या दिवशी कुणी घेत नसे. श्रियाळाचा सण आहे, चांगुणेचा नाही. हे लिहिताना आत्ता पहिल्यांदा लक्षात आलं.

---

नौपाड्याची घणसोलीत (दुपारी २.०५)

आत्या, तुमच्या आईच्या आवाजाचं वाचून मी थांबले थोडा वेळ. (बाई रडत होत्या हेही कारण.) तुम्ही नाही म्हणताय की हो, हे मला नीट कळलं नाही, पण ते बरंच झालं.

फेरफार काका, दोन्ही नावं एका दमात म्हटली. माझं नाव चार अक्षरी आहे, आगगाडी होते. चालेल. उतारा शोधायला सासऱ्यांना सांगितलंय. ते म्हणाले, “बारशाला सातबारा कशाला?”

---

खारघर ते अक्कलकोट (रात्री १०.२०)

आमच्या घरात कन्नड, दारात मराठी. अक्कलकोट तालुक्यातलं लिंगायत घर, नोकरीमुळे पंधरा वर्षं खारघर. या नावावर मी बोललो नाही तर माझी आजी वरून चप्पल फेकेल.

आमच्याकडे हीच गोष्ट सिरियाळ आणि चंगळे यांची. होय, तिचं नाव चंगळे. ‘चंगळ’ आठवून हसू नका, त्याचा संबंध नाही. मुलाचं नावही तुमच्या चिलयाला अगदी जवळचं. बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या वचनांत सिरियाळाचा उल्लेख येतो, म्हणजे तेव्हाच ही गोष्ट लोकांच्या तोंडी होती. श्रीधरांनी बारामतीला शिवलीलामृत पुरं केलं ते शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ च्या आसपास. मधली पाच-साडेपाचशे वर्षं ही गोष्ट भीमेच्या दोन्ही काठांवर हिंडत होती.

पण मूळ त्याहून खाली आहे, तमिळ देशात. तिथल्या ६३ नायनार शिवभक्तांत एक शिरुत्तोंडर. अर्थ ‘धाकटा सेवक’. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी लिहिलेल्या पेरियपुराणात त्यांचं चरित्र आहे. बायकोचं नाव तिरुवेण्काट्टु नंगै, मुलगा सीराळन. दारात येतो तो भैरव वेषातला जोगी. मागणी तीच. फरक बघण्यासारखे आहेत. तमिळ कथेत उखळ नाही. डोकं नैवेद्याला चालत नाही म्हणून बाजूला ठेवलेलं असतं, आणि जोगी तेच मागतो तेव्हा कळतं की घरातल्या दासीने ते आधीच शिजवून ठेवलंय. आणि शेवटी आईबाप बाहेर जाऊन हाक मारतात तेव्हा मुलगा धावत येतो तो शाळेतून सुटल्यासारखा. मला हा शाळेचा तपशील फार आवडतो. जणू मधलं काही घडलंच नाही, फक्त शाळा सुटली.

आता बघा, तमिळमधलं मुलाचं नाव सीराळन, कन्नडमध्ये आणि मराठीत ते बापाला लागलेलं दिसतं : सिरियाळ, श्रियाळ. गोष्ट चालत आली की नावं अशी एकमेकांच्या अंगरख्यात शिरतात. बाईचं नाव तर पुरतं बदललं. नंगैची चंगळे, चंगळेची चांगुणा. मराठी माणसाने ‘चंगळे’ ऐकलं, त्याला आपला ‘चांग’ आठवला आणि त्याने पुढे ‘गुणा’ जोडून दिलं, असं मला वाटतं. म्हणजे ‘चांगले गुण’ हा अर्थ मागाहून चिकटलेला. ताई, तुम्हाला तो गुळगुळीत वाटतो ते बरोबरच आहे, पण ‘चांग’ स्वतः गुळगुळीत नाही. ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत चांग म्हणजे चांगलं, सुंदर. चांगदेवातला तोच, जोतिबाच्या चांगभलंमधला तोच. आपण रोज ‘चांगला’ म्हणून म्हणून तो झिजवला. नावात तो अजून कोरा आहे.

आणि ही घ्या खरी गंमत. पेरियपुराण सांगतं की शिरुत्तोंडर भक्त होण्याआधी पल्लवांचे सेनापती होते, नाव परंज्योती, आणि त्यांनी वातापी धुळीला मिळवली. वातापी म्हणजे बादामी. पल्लव नरसिंहवर्म्याने बादामी घेतली ती ६४२ मध्ये, दुसऱ्या पुलकेशीला हरवून. हा तोच पुलकेशी, ज्याला ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखात तीन महाराष्ट्रकांचा आणि ९९,००० गावांचा स्वामी म्हटलंय. म्हणजे चांगुणेचा मूळ नवरा आपल्या राजाची राजधानी जाळून गेलेला माणूस! हजार वर्षांत त्याला आपण सोज्ज्वळ राजा करून टाकलं आणि बायकोला मराठी नाव दिलं.

उखळ आणि गाणं कुठे मिसळलं, याचा मी बराच विचार केलाय. कांडणं, दळणं आणि त्याबरोबर गाणं हे ज्यांचं रोजचं होतं त्यांच्याच तोंडून ते आलं असणार, एवढंच म्हणतो. आत्यांची आई जात्यावर बसून उखळाची ओवी म्हणत होती. पुरुषाने लिहिलेल्या पुराणात दासीने स्वयंपाकघरात उरकलेलं काम बायकांच्या ओवीत आईच्या हातात आलं.

उच्चाराचं राहिलं. चमच्यातला च, चहातला नव्हे. इंग्रजीत लिहिलंत की हा फरक मरतो आणि लोक चीनमधलं ‘चँग’ वाचतात. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंना तोंडी सांगायचं.

---

आता शुभांगी (दुसऱ्या दिवशी पहाटे ५.४०)

नाइट ड्युटी संपवून कळव्याला घरी आले, चहा ठेवला आणि हा धागा दिसला. पन्नाशीच्या आतली चांगुणा हवी होती ना? मी. ४३.

जन्माने चांगुणा. मुरबाडकडचं गाव, आजीचं नाव मला ठेवलं. प्राथमिक शाळेत काहीच त्रास नाही, कारण वर्गात ठकू, बारकी, गंगू सगळ्या होत्या. पाचवीला ठाण्याला मामाकडे आले आणि सुरू झालं. चांगू-मांगू तर रोजचं. मांगू म्हणून एक शांत मुलगा होता वर्गात, त्याचं खरं नाव मंगेश, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही, माझ्यामुळे त्याला शेवटपर्यंत मांगू म्हणाले. तो अजून भेटला की मला ‘सॉरी’ म्हणायला लावतो. आठवीत भांडले एका मुलीशी, झिंज्या ओढल्या. नंतर कुणी म्हटलं नाही. नर्सिंगला गेल्यावर मात्र पेशंटच्या म्हाताऱ्या आयांना माझ्या बिल्ल्यावरचं नाव वाचून दाखवलं की त्या हात धरायच्या. “आमच्या सासूचं नाव गं.” इंजेक्शन टोचून घ्यायच्या गुपचूप. तेवढा फायदा इतर कुणा सिस्टरला नव्हता.

मग लग्न. ताम्हणात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने ‘शुभांगी’ लिहिलं. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, जुनाट नाव आहे, मुलांच्या शाळेत बरं दिसणार नाही. मी २४ वर्षांची होते, म्हटलं, जाऊ दे, नावात काय आहे. गॅझेटमध्येही छापून घेतलं, कारण आधार, पॅन, नोकरी सगळीकडे एक लागतं.

त्रास झाला नाही असं नाही, पण नावाचा नाही झाला, नाव गेल्याचा झाला. अजून माहेरी गेले आणि अंगणातून “चांगे!” अशी हाक आली की मी आधी वळते आणि मग मला कळतं की मी वळले. हॉस्पिटलात “शुभांगी सिस्टर” म्हटल्यावर कधी कधी दोन हाका लागतात. तुमच्या आयला तीन लागल्या ते वाचून हसले.

ठेवा म्हणत नाही, ठेवू नका म्हणत नाही. ठेवलंत तर पुढे कुणाला ताम्हणातल्या तांदळात ते पुसू देऊ नका.

---

उपवनचा वारा (सकाळी ८.०१)

चाहत मागे घेतो.

---

नौपाड्याची घणसोलीत (शुक्रवार, रात्री १.५०)

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय.

जिचं नाव घ्यायचं तिलाच मी विचारलं नव्हतं, हे शुभांगीताईंचं वाचून लक्षात आलं. काल दुपारी बाळाला तेल लावायला आय बसल्या होत्या, तेव्हा विचारलं. मला वाटलं होतं, एक तर लाजतील, नाही तर आईसारखं चिलयाचं काढतील. त्या तेल जिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, “माजा नाव चांगुना नव्हताच. पोशी व्हता.”

त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत. ही जगली, पोसली गेली, म्हणून पोशी. लग्न होऊन खाडीकाठच्या गावातून घणसोलीला आल्या तेव्हा वय तेरा-चौदा. सासरे महाशिवरात्रीला पोथी वाचायचे, गावात वाचता येणाऱ्या मोजक्या माणसांतले. त्यांनी नाव बदललं. म्हणाले, पोशी मिठागरावरच्या मजुरिणीचं नाव वाटतं. मजेची गोष्ट अशी की आय त्यानंतर वीस वर्षं मिठागरावरच होत्या. चांगुणा होऊन.

फेरफार काका, सासऱ्यांनी उतारा काढला. ‘चांगुना उर्फ पोशीबाई’. तुम्ही ज्योतिषी आहात का?

म्हणजे मी जे नाव त्यांचं म्हणून जपायला निघाले होते, ते त्यांच्यावर ठेवलेलं होतं, आणि सासूबाई ‘चार्वी’ म्हणतायत त्यात आणि त्यात फार फरक नव्हता. तेव्हाचं फॅशनेबल नाव ते! मी एकदम गळाठले. म्हटलं, आय, मग पोशी ठेवू का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वेडी आहे. “तिला काय झालाय पोशी ठेवायला? चांगली गुटगुटीत हाय.” मग चिलयाचं विचारलं, की त्या गोष्टीची भीती नाही ना वाटत. त्या म्हणाल्या, “कांडला तिनं, पन हाक पन तिनंच मारली ना. बापानी कुटं मारली?” आणि बाळाला उलटं करून पाठीला तेल लावायला घेतलं. जिवंत माणसाचं नाव ठेवू नये, यावर त्यांचं म्हणणं एवढंच, की त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही, वापरलेलं नाय, नवीनच हाय.

आईला फोन करून आयचं बोलणं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग कौपिनेश्वराला अभिषेक करून येते म्हणाली. हे हो आहे असं मी धरलंय. सासूबाईंनी घरात हाक मारायला ‘चारू’ ठेवून घेतलं आहे, ते मी सोडून दिलं. जन्मदाखल्यावर ‘चांगुणा’, णबाणातला ण. आयला दाखवलं तर म्हणाल्या, ण कसा दिसतो ते मना काय म्हायती, अंगठाच देते मी.

राहिली नणंद. तिने दोन दिवस काही उत्तर दिलं नव्हतं. मघाशी, रात्री साडेबाराला, तिचा आवाजातला निरोप आला. मागे तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज आहे आणि ती तीन-चार वेळा काहीतरी पुटपुटतेय. शेवटी स्पष्ट म्हणते, “वहिनी, चमच्यातला च ना?”